दुब्रोवनिकचा एक दिवस : मागच्या वेशीतून

दुब्रोवनिकला एकच दिवस मिळणार असेल तर पश्चिमेच्या पिले वेशीतून आत शिरू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सगळे तिथूनच शिरतात. बस तिथेच थांबतात, छत्री उंचावून चालणारे वाटाडे तिथेच उभे असतात, आणि सकाळी दहा वाजले की बंदरात लागलेल्या क्रूझ जहाजांवरची माणसे त्या एका वेशीतून आत ओतली जातात. आपण सकाळी सात वाजता उलट्या बाजूला, पूर्वेच्या प्लोचे वेशीबाहेर उभे राहावे. तिथे अजून कोणी नसते. खाली समुद्र, समोर तटबंदी, आणि रस्त्याच्या कडेला ओळीने बांधलेल्या दगडी, कौलारू इमारती. त्यांचे नाव लाझारेती. या गावाचा इतिहास वाचायला सुरुवात इथून करायची.

क्रोएशियाच्या अगदी दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्रावर असलेले हे गाव १८०८ पर्यंत रागुसा नावाचे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. आकाराने आमच्या एखाद्या तालुक्याएवढे, सैन्य म्हणावे असे काही नाही, आणि शेजारी कोण, तर एका बाजूला व्हेनिस आणि दुसऱ्या बाजूला उस्मानी तुर्क. दोघांपैकी कोणीही एका हंगामात गिळून टाकावे अशी ही जागा साडेचारशे वर्षे टिकली. कशी टिकली हे तिथल्या किल्ल्याच्या भिंतीपेक्षा या लाझारेतीमध्ये जास्त कळते.

सन १३४८ च्या मोठ्या प्लेगने रागुसाला झोडपून काढले होते. पुढे १३७७ मध्ये तिथल्या महासभेने एक ठराव केला. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्या माणसाने आधी जवळच्या म्र्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी एक महिना काढायचा, मगच शहरात यायचे. चाळीस दिवसांची मुदत पुढे व्हेनिसच्या लोकांनी रूढ केली आणि चाळीस या आकड्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला, जो २०२० मध्ये आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ झाला. पण कायदा म्हणून ती कल्पना पहिल्यांदा लिहिली गेली ती या गावात.

यात मला मोठेपणा दिसतो तो वैद्यकाचा नव्हे, व्यापाराचा. साथ आली की दार बंद करायचे हे कोणीही करतो. रागुसाच्या लोकांना दार बंद करणे परवडणारे नव्हते, कारण बोस्निया आणि सर्बियातून खेचरांचे तांडे याच प्लोचे वेशीशी येत. कातडी, लोकर, मेण, चांदी, शिसे उतरवत आणि मीठ, कापड घेऊन परत जात. दार उघडे ठेवले तर मरण, बंद केले तर उपासमार. त्यांनी दार बंद केले नाही, फक्त उशीर लावला. माणसे आणि माल येईल, पण थांबून येईल. आधी बेटांवर, मग गावाजवळ दान्चे इथे, आणि शेवटी सतराव्या शतकात पूर्ण झालेल्या या लाझारेतीत ती व्यवस्था बसली. म्हणजे तांड्याच्या वाटेवरच.

आता हे वाचताना जुन्या गोव्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. आमचे जुने गोवे सोळाव्या शतकात रागुसाच्या कितीतरी पट मोठे आणि श्रीमंत होते. ते साथींनी खाल्ले. विहिरींत गटाराचे पाणी झिरपायचे, पटकी आणि हिवताप पाठ सोडत नव्हते. शेवटी १७५९ मध्ये व्हिसरेई पणजीला राहायला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि मागे उरली ती चर्चे आणि माड. पिण्याचे चांगले पाणी बायंगिणीच्या झऱ्यावरून यायचे. ते गुलाम मडक्यांत भरून आणत आणि गल्लोगल्ली विकत. याउलट रागुसाने १४३० च्या दशकात नेपल्सकडच्या ओनोफ्रियो नावाच्या बांधकाम करणाऱ्याला बोलावले, बारा किलोमीटरवरून डोंगरातले पाणी दगडी पाटाने गावात आणले आणि १४३८ मध्ये सार्वजनिक कारंजे बांधले. ते आजही वाहते आहे. बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका.

पण मी पुढे गेलो. कारंजे गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपण अजून प्लोचे वेशीतून आत आलोय.

आत आल्याबरोबर डाव्या-उजव्या हाताला गावाचे काळीज आहे, शंभर पावलांच्या आत. स्पोन्झा हा १५१६ ते १५२२ या काळात बांधलेला जकातवाडा. ६ एप्रिल १६६७ रोजी जो भूकंप झाला, ज्यात हजारो माणसे मेली आणि जवळजवळ सगळे गाव कोसळले, त्यात ही इमारत उभी राहिली. आत अंगणात एका कमानीवर लॅटिनमध्ये कोरले आहे. त्याचा आशय असा, की आमच्या मापांत फसवणूक चालत नाही, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. जकातीच्या नाक्यावर असे कोरून ठेवायला धैर्य लागते. आज इथे प्रजासत्ताकाचे दफ्तर आहे. आमच्या पणजीच्या पुराभिलेखागारात बसून ज्यांनी पोर्तुगीज कागद चाळले आहेत त्यांना त्या दाराशी उभे राहिल्यावर काय वाटेल ते वेगळे सांगायला नको. रागुसाचे लोक सगळे लिहून ठेवत. बेनेडिक्ट कोत्रुल्येविच नावाच्या इथल्या व्यापाऱ्याने १४५८ मध्ये व्यापारावर ग्रंथ लिहिला आणि त्यात दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचे वर्णन केले. या पद्धतीचे श्रेय ज्याला सहसा दिले जाते त्या पाचोलीचे पुस्तक छापले गेले १४९४ मध्ये. कोत्रुल्येविचचे पुस्तक मात्र छापखान्यात पोचायला १५७३ उजाडले, म्हणून नाव दुसऱ्याचे झाले. असे होते.

स्पोन्झासमोरच्या चौकात १४१८ चा एक खांब आहे, त्यावर ओर्लान्दो नावाचा शिलेदार कोरलेला. पर्यटक त्याच्या तलवारीचा फोटो काढतात. पाहायचा तो त्याचा हात. कोपरापासून पुढे त्या हाताची लांबी, सुमारे ५१ सेंटिमीटर, हे रागुसाचे कापड मोजण्याचे अधिकृत माप होते. त्यांच्या भाषेत त्या मापाला लाकात म्हणतात आणि लाकात म्हणजे कोपर. आमच्याकडेही कापड हातानेच मोजत, फक्त आमच्याकडे दुकानदाराचा हात आखूड की गिऱ्हाईकाचा लांब यावर भांडणे होत. यांनी तो हात दगडात करून चौकात उभा केला.

त्याच चौकात रेक्टरचा वाडा. रेक्टर म्हणजे या प्रजासत्ताकाचा प्रमुख आणि त्याची मुदत किती, तर एक महिना! त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचे, सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचे नाही, घरीसुद्धा जायचे नाही. आत एका दरवाजावर कोरले आहे की खासगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामे पाहा. कोणाच्याही हाती सत्ता चिकटू नये एवढी काळजी. मात्र याला लोकशाही समजू नये. १३३२ मध्ये महासभेची दारे बंद झाली. ठराविक कुळांत जन्मलेल्या पुरुषांनाच तिथे बसता येई, बाहेरच्याला कितीही पैसा मिळवला तरी नाही. गोव्यातल्या वाचकाला हे समजावायला मला फार शब्द लागत नाहीत. आमच्या गावकारी आठवाव्यात. हक्क कुळाचा, जोणही कुळालाच. बाहेरून येऊन राहिलेला तो मुंडकार किंवा कुळकार. रागुसा ही समुद्रावरची एक मोठी गावकारीच होती म्हटले तर इतिहासकार रागावतील, पण मला कल्पना येते.

वाड्यापासून जवळच संत व्लाहोचे चर्च, १७१५ मध्ये पूर्ण झालेले. हा गावाचा राखणदार. ज्या अर्थाने आमच्या वेशीवर राखणदार असतो अगदी त्याच अर्थाने. दहाव्या शतकात व्हेनिसची गलबते पाणी भरायच्या मिषाने आली तेव्हा या संताने एका पाद्रीच्या स्वप्नात येऊन गाव सावध केले अशी कथा आहे. वेदीवर त्याची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आहे आणि तिच्या हातात गावाची प्रतिकृती. मूर्ती भूकंपाच्या आधीची असल्यामुळे १६६७ पूर्वीचे गाव कसे दिसत होते ते त्या तळहातावर दिसते. अभ्यासक तिचा पुराव्यासारखा उपयोग करतात. ३ फेब्रुवारीला त्याची मोठी जत्रा. त्या दिवशी घरोघर श्पोर्की माकारूली, म्हणजे शब्दशः 'मळकी माकारोनी' करतात. मांसाच्या रश्श्यात माखलेली, दिसायला खरोखर तशीच.

आणि इथे आमचा संबंध येतो, किंवा येतो असे सांगितले जाते. हा व्लाहो म्हणजेच पोर्तुगीजांचा सांव ब्राझ. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या खाडीकाठी गवंडाळीला सांव ब्राझचे चर्च आहे, सोळाव्या शतकातले. क्रोएशियातल्या काही अभ्यासकांनी, त्यात झद्राव्का मातिशिच या भारतविद्येच्या अभ्यासक विदुषी प्रमुख, असे मांडले की त्या शतकात रागुसाच्या व्यापाऱ्यांची एक वस्ती गवंडाळीला होती आणि त्यांनीच आपल्या राखणदाराचे चर्च तिथे बांधले. तेव्हापासून क्रोएशियाचे पाहुणे गवंडाळीला येत असतात, चर्चपुढे फोटो काढतात, गावकऱ्यांनाही कौतुक वाटते. मला विचाराल तर मी थोडा हात राखून आहे. सोळाव्या शतकात रागुसाची माणसे लिस्बनमध्ये होती, मसाल्याच्या व्यापारात होती, त्यांतली काही गोव्याला आली यात नवल नाही. पण सांव ब्राझ हा पोर्तुगालमध्येही लोकप्रिय संत आहे, त्याच्या नावाची गावे तिथे आहेत. नुसत्या चर्चच्या नावावरून वस्ती सिद्ध होत नाही, आणि इतर अभ्यासकांनीही हाच आक्षेप घेतला आहे. हे प्रकरण सुटायचे असेल तर दफ्तरातच सुटेल, स्पोन्झाच्या किंवा पणजीच्या. तोवर गवंडाळीला जरूर जावे, चर्च सुंदर आहे.

नऊ वाजता गुन्दुलिच चौकातला बाजार पाहावा. वाळवलेली अंजिरे, लव्हेंडरच्या पुरचुंड्या, साखरेत घोळवलेली कडू संत्र्याची साल, तिला अरान्चिनी म्हणतात. ती साल घ्यावी, टिकते. मग स्त्रादून या मुख्य रस्त्याने पश्चिमेकडे चालावे. हा रस्ता म्हणजे पूर्वीचा उथळ खाडीचा भाग बुजवलेला. एका बाजूला खडकाळ बेट, दुसऱ्या बाजूला किनारा, मध्ये भर घालून दोन्ही वस्त्या एक झाल्या. दोन्ही बाजूंची घरे एकसारखी आहेत, कारण भूकंपानंतर ती एका आराखड्याने बांधली गेली. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या दाराला लागूनच खिडकी आणि तिला दगडी कट्टा, त्यामुळे सगळा आकार दुमडलेल्या गुडघ्यासारखा दिसतो. कट्ट्यावर माल मांडायचा, गिऱ्हाईक रस्त्यावर, दुकानदार आत.

जुन्या गोव्यातही असाच एक सरळ रस्ता होता, रुआ दिरैता. १५८३ ते १५८८ अशी वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्शोतेन या डच माणसाने तिथल्या सकाळच्या लिलावाचे वर्णन केले आहे. अरबी घोडे, मसाले, गालिचे, आणि त्यांच्याबरोबरच बाया-बापे, गुलाम. रागुसाने २७ जानेवारी १४१६ रोजी आपल्या नागरिकांना गुलामांच्या खरेदी-विक्रीची आणि दलालीची बंदी केली होती. त्यामुळे गावात गुलाम उरलाच नाही असे नव्हे, ठराव व्यापाराबद्दल होता आणि पळवाटाही असणारच. पण त्या ठरावात हा धंदा लाजिरवाणा आणि माणुसकीला सोडून आहे असे त्यांनी लिहिले. लिन्शोतेनचा लिलाव याच्या पावणेदोनशे वर्षे नंतरचा आहे.

स्त्रादूनच्या पश्चिम टोकाला फ्रान्सिस्कन मठ. त्यातले औषधालय १३१७ पासूनचे आणि अजून चालू आहे, मलमे मिळतात. समोर ओनोफ्रियोचे ते कारंजे. बाटली भरली की पिले वेशीतून बाहेर पडायचे. तेव्हा साडेदहा वाजलेले असतील आणि सगळे आत येत असतील.

दुपार या गावात काढू नये. तटबंदीच्या आत १९९१ च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास माणसे राहत होती, आता दीड हजाराच्या आसपास राहतात. बाकी घरांची भाड्याच्या खोल्या झाल्या. २०११ पासून इथे एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेचे चित्रीकरण झाले आणि गर्दीला सीमा राहिली नाही. शेवटी युनेस्कोने इशारा दिला आणि २०१९ मध्ये गावाने क्रूझ कंपन्यांशी करार केला, की एका वेळी दोनच जहाजे आणि चार हजारांहून अधिक प्रवासी नकोत. ज्या गावाने बाहेरच्यांना एक महिना बेटावर थांबवायचा कायदा केला त्याच गावाला साडेसहाशे वर्षांनी पुन्हा दाराशी माणसे मोजायची वेळ आली. फोंतेन्यासमध्ये ज्यांच्या घराच्या पायऱ्यांवर परके लोक लग्नाआधीचे फोटो काढायला बसतात, त्यांना हे सविस्तर सांगायची गरज नाही. जहाजांची माणसे संध्याकाळी पाचच्या सुमारास परत जातात. मधले सहा तास आपण स्तोनला जायचे.

स्तोन वायव्येला, पन्नासेक किलोमीटरवर, प्येल्येशाक नावाच्या लांबट द्वीपकल्पाच्या गळ्याशी. भाड्याची गाडी घ्यावी, तासाभराचा रस्ता आहे आणि समुद्र सतत डाव्या हाताला. १३३३ मध्ये रागुसाने हा सगळा भाग पैसे मोजून विकत घेतला, आणि घेतल्याबरोबर तिथे तट बांधायला काढला. मूळचा सात किलोमीटर, आज साडेपाच किलोमीटरच्या आसपास उरलेला, डोंगरावरून चढत उतरत जाणारा. दोन लहानशा गावांभोवती एवढा तट कशाला असा प्रश्न पडतो. उत्तर खाली खाडीत चौकोन चौकोन होऊन चमकत असते. मिठागर.

आगराच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा मला आगरवाड्याला किंवा रायबंदरला उभे राहिल्यासारखेच वाटले. तीच चौकोनी शेते, तेच भरतीचे पाणी आत घेऊन एका खणातून दुसऱ्यात सरकवणे, तीच उन्हाची वाट. खणांना संतांची नावे आहेत. फरक एवढाच की त्यांचे खण दगडी आहेत आणि आमचे चिखलाचे, दर वर्षी पायांनी तुडवून नवे करायचे. मीठ हाच रागुसाचा खरा खजिना होता. बाल्कनच्या आतल्या डोंगराळ मुलखाला मीठ हवेच, ते इथून जाई, आणि ते विकायचा मक्ता प्रजासत्ताकाच्या हातात. तुर्कांना १४८१ पासून दर वर्षी साडेबारा हजार दुकात खंडणी द्यावी लागे. ती कुठून येत होती ते या खाडीकडे पाहिले की कळते. खंडणी देऊन स्वातंत्र्य विकत घेतले म्हणून त्यांना नावे ठेवणारे होते आणि आहेत. पण त्या खंडणीत तुर्कांच्या सगळ्या मुलखात व्यापार करायची मोकळीक आली होती. सौदा तोट्याचा नव्हता.

आणि आमचे मीठ? गोव्याचे मीठ घाट चढून लमाणांच्या बैलांवरून वरच्या मुलखात जायचे, जहाजांतून दूर जायचे. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारात पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या मिठाचा सगळा ताबा इंग्रजांकडे दिला. ब्रिटिश हिंदुस्थानातला त्यांचा मक्ता आणि कर सुरक्षित राहावा म्हणून आमच्या मिठगावड्यांच्या आगरांवर इंग्रजांचे पहारे बसले. करार १८९२ मध्ये संपला, पण त्या चौदा वर्षांत जी आगरे मोडली त्यांतली सगळी परत उभी राहिली नाहीत. त्या कराराचा इतिहास आमच्या शाळांत कुठल्याही इयत्तेत मी वाचलेला नाही. एका सरकारने मिठासाठी सात किलोमीटरची भिंत बांधली, आणि दुसऱ्याने लोहमार्ग आणि वार्षिक रकमेच्या बदल्यात सही केली. स्तोनच्या बांधावर मी बराच वेळ उभा होतो.

जेवायला अर्ध्या तासाची पायपीट करून, किंवा गाडीने पाच मिनिटांत, माली स्तोनला जावे. खाडीत कालवांची शेती आहे, चपटी युरोपीय कालवे, काही हॉटेलांच्या धक्क्यासमोरच दोऱ्यांना लटकणारी. कच्ची खातात, वर लिंबू पिळून. आमच्या काल्वांना कांदा, खोबरे आणि सोलांची सवय. पहिले कच्चे काल्व तोंडात टाकताना माझ्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते सोडून देतो. तिसऱ्यानंतर मात्र तिने आणखी सहा मागवली. त्याबरोबर काळा भात घ्यावा. माणक्यांच्या जातीच्या माशाच्या शाईत शिजवलेला, दात, ओठ सगळे काळे करणारा. सोबत कॉनाव्लेची माल्वाझिया. या द्राक्षवाणाचे नाव दुब्रोवनिकच्या दफ्तरात १३८५ मध्ये सापडते. पिणाऱ्यांसाठी सांगतो, फेणीसारखी ती अंगावर येत नाही.

परत फिरण्याआधी एक गोष्ट नकाशावर पाहून घ्यावी. स्तोनच्या पुढे थोड्या अंतरावर क्रोएशियाचा किनारा तुटतो, वीसेक किलोमीटर बोस्नियाचा किनारा लागतो, नेउम नावाचे गाव येते, आणि मग पुन्हा क्रोएशिया. हे कसे झाले? १६९९ मध्ये कार्लोवित्झचा तह झाला तेव्हा व्हेनिस अगदी सीमेला येऊन भिडेल अशी रागुसाला भीती होती. म्हणून त्यांनी आपल्याच किनाऱ्याचा एक तुकडा तुर्कांना देऊन टाकला. मध्ये तुर्क असेल तर व्हेनिस चाल करणार नाही! शत्रूला शेजारी ठेवण्यापेक्षा दुसऱ्या शत्रूला मध्ये बसवावे, हा हिशेब. प्रजासत्ताक गेले, तुर्क गेले, व्हेनिस गेले, पण तो तुकडा राहिला आणि दुब्रोवनिकच्या लोकांना आपल्याच राजधानीला रस्त्याने जाताना दोनदा परदेशी सीमा ओलांडावी लागत होती. जुलै २०२२ मध्ये प्येल्येशाकचा पूल खुला झाला तेव्हा कुठे हे संपले. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या एका तहनाम्यासाठी समुद्रावर सुमारे अडीच किलोमीटरचा पूल.

पाचपर्यंत परत यावे आणि मग तटावर चढावे. तिकीट महाग आहे, इतके की मुलाबाळांसह गेलेला गोंयकार दोनदा विचार करील. पण दुसरीकडे कुठेतरी काटकसर करावी. शेवटचा प्रवेश केव्हा बंद होतो ते सकाळीच विचारून ठेवावे. एकूण १९४० मीटरचा फेरा, मध्ये मिन्चेता बुरूज, बाहेर खडकावर लोव्रियेनाकचा किल्ला. वरून खाली छपरांकडे पाहावे. काही कौले फिकट, पिवळट, शेवाळलेली आणि बहुतेक झगझगीत तांबडी. तांबडी कौले म्हणजे १९९१.

ऑक्टोबर १९९१ पासून युगोस्लाव्ह सैन्याने या गावाला वेढा घातला. पाणी आणि वीज तोडली. ६ डिसेंबरला मागच्या डोंगरावर आणि जुन्या गावावर सर्वात मोठा तोफमारा झाला. जुन्या गावात ८२४ इमारती, त्यांपैकी ५६३ इमारतींवर गोळे पडले. हे गाव १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत होते आणि तोफा डागणाऱ्यांना ते माहीत होते. गोळे कुठे पडले हे दाखवणारा नकाशा वेशीजवळ लावलेला आहे. स्पोन्झामध्ये मेलेल्या रक्षकांचे फोटो आहेत, बहुतेक विशीतले. सकाळी ते दालन पाहणे जमले नसेल तर परत जाऊन पाहावे. पाचशे वर्षे खंडणी, तह, लग्नसंबंध आणि नजराणे यांच्यावर जगलेल्या गावाला या वेळी वाटाघाटी करायला समोर कोणीच नव्हते. प्रजासत्ताक बुडाले तेही असेच. १८०६ मध्ये फ्रेंच फौज केवळ वाटेवरचा मुक्काम म्हणून आत आली आणि ३१ जानेवारी १८०८ रोजी तिच्या सेनापतीने महासभा बरखास्त करून टाकली.

तटावरून आणखी एक गोष्ट दिसते, वाळत घातलेले कपडे. दक्षिणेच्या चढावरच्या गल्ल्यांत कुठे कुठे दोरीवर चादरी, शाळेचा गणवेश, एखाद्या परसात भाजीचे वाफे आणि मुले चेंडू खेळताना. मी ती घरे मोजायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या आवारात संध्याकाळी कपडे वाळत असलेली दोरी दिसत नाही, तिथे गाव उरलेले नाही.

रात्रीच्या जेवणासाठी स्त्रादूनवर किंवा तिला समांतर असलेल्या, मेनूकार्ड हातात देऊन ओढत नेणाऱ्या गल्लीत बसू नये. लाझारेतीच्या बाजूला, वेशीबाहेर चालत जावे, किंवा दक्षिणेच्या चढावर जिथे गावातली माणसे बसलेली दिसतील तिथे. झेलेना मेनेस्त्रा मिळाली तर मागावी. कोबी, बटाटे आणि धुरी दिलेले मांस एकत्र शिजवलेला हा साधा पदार्थ पंधराव्या शतकापासून इथे माहीत आहे. मांस न खाणाऱ्यांनी भाजलेला मासा सांगावा, चांगला मिळतो. तोही न खाणाऱ्यांसाठी पालेभाजी आणि बटाटे असतात, पण आत काय आहे ते नीट विचारून घ्यावे. शेवटी रोझाता. अंडी, दूध आणि जळक्या साखरेचा हा पदार्थ समोर आला की गोव्यातला कोणीही माणूस म्हणेल, हे तर आमचे कॅरामेल पुडिंग! पहिल्या घासाला गुलाबाचा वास येतो, कारण त्यात गुलाबाचे मद्य घालतात.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरोच, त्यामुळे युरोपच्या इतर देशांसाठी काढलेला तोच व्हिसा चालतो. ज्यांनी लिस्बनचा पासपोर्ट काढला आहे त्यांचा तर प्रश्नच नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. फेब्रुवारीच्या ३ तारखेला जाणे जमले तर संत व्लाहोची जत्रा आणि मळकी माकारोनी, दोन्ही मिळतील, आणि गावात तेव्हा गावचीच माणसे जास्त असतात. विमानतळाची बस कुठून सुटते ते आधी विचारून घ्यावे. चाके लावलेली बॅग मात्र जुन्या गावाच्या दगडी फरशीवरून रात्री ओढत नेऊ नये. त्या आवाजाला तिथे राहणारी माणसे कंटाळली आहेत आणि २०२३ मध्ये महापालिकेने पाहुण्यांना बॅगा उचलून न्या अशी विनंतीच केली.